डोंगरी एवढी निळी कुठी असते?

"मॅडम, हे कोणत्या गावचं होय?"

आमच्या गावचे गायकी, म्हणजे गुरं चारणारे, काकाजी कधी मागे येऊन उभे राहिले, मला कळलंच नव्हतं. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेसहा. तलावाच्या पाळीवर प्लास्टिकचा स्टूल टाकून बसले होते. मांडीवरच्या बोर्डावर जलरंगातलं चित्र होतं, तासाभराची मेहनत. पुढे पाणी, मध्ये झाडांची ओळ आणि मागे नागझिऱ्याच्या बाजूच्या डोंगरीची निळी रांग. त्या निळ्यावर मी फार खूश होते.

"इथलंच आहे काकाजी. हा काय, समोरचा तलाव."

त्यांनी समोर पाहिलं, चित्राकडे पाहिलं, परत समोर पाहिलं. "नाही वाटत जी. डोंगरी एवढी निळी कुठी असते उन्हाळ्यात?"

म्हशी पुढे निघून गेल्या होत्या, त्यांच्या मागे तेही गेले. मी मात्र समोर बघत बसले. डोंगरी निळी नव्हतीच. तांदळाच्या धुवणासारखी मळकट पांढरी होती, आणि खालच्या कडेला तर आहे की नाही तेही सांगता येत नव्हतं. निळी डोंगरी मी मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिली होती आणि तीच इथे आणून बसवली होती.

मी भंडारा जिल्ह्यात साकोलीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. चित्रकलेशी माझं नातं शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटपुरतं. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करायचं मनात होतं, घरच्यांनी डीएड करायला लावलं, नोकरी लागली, पुढचं सगळ्यांचं होतं तसंच झालं. मुलगी शिकायला नागपूरला गेली तेव्हा तिच्या कपाटात तिची जुनी रंगपेटी सापडली. त्या वर्षी मी 44 वर्षांची होते. शाळेमागे मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. आमच्या भागात असे तलाव गावोगावी आहेत, धानाच्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून जुन्या काळी बांधलेले. ठरवलं की वर्षभर हा एकच तलाव काढायचा. जागा बदलायची नाही, उजेड बदलेल तेवढाच बदलू द्यायचा.

निळ्या डोंगरीचं कोडं सुटायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला, कारण सातवीला विज्ञान मीच शिकवते. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून स्वच्छ हवेतून पाहिलेला दूरचा डोंगर निळसर दिसतो. जलरंग शिकवणारे सगळे हाच नियम सांगतात, जसजसं दूर जाल तसतसं निळं आणि फिकं करा. पण एप्रिलमध्ये आमच्या हवेत धूळ असते. धुळीचे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. त्यामुळे दूरचं सगळं पांढुरकं होतं, वर त्याला मातीची पिवळसर झाक. नियमातला 'फिकं' खरा होता, 'निळं' आमच्या पावसाळ्यापुरतं आणि पावसानंतरच्या महिना-दोन महिन्यांपुरतं खरं होतं.

मग पेटीतला सेरुलियन निळा बाजूला ठेवला. मातकट पिवळा रॉ सिएना अगदी पाणीदार घ्यायचा, त्यात गडद निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाच्या मिश्रणाचा करडा रंग ब्रशच्या टोकाएवढा टाकायचा. पॅलेटवर हा रंग कसलाच दिसत नाही, फरशी पुसलेलं पाणी वाटतं. कागदावर डोंगरीच्या जागी लावला आणि पुढे एक मोहाचं झाड गडद काढलं, की डोंगरी आपोआप दोन कोस मागे जाते. आकाशही बदलावं लागलं. वर डोक्याशी थोडा निळा आणि खाली क्षितिजाशी पिवळट पांढरा.

मे महिन्यात दुसरंच संकट आलं. सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर, द्यायचा तर बोर्ड जरा तिरपा धरतात, भरलेल्या ब्रशने वरून आडवा पट्टा ओढतात. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याची ओळ साचते. ती ओळ तुटू न देता पुढचा पट्टा तिला खाली ओढत नेतो. आमच्याकडे सकाळी आठ वाजताच पहिल्या पट्ट्याची ओळ दुसरा येईपर्यंत वाळायची. सगळं आकाश पट्टेदार, लुगड्याच्या काठासारखं. दुपारी तापमान 44-45 अंशांवर जातं आणि हवेत ओलावा नावाला नसतो. पुण्या-मुंबईच्या माणसाने सांगितलेलं 'दोन मिनिटं थांबा' इथे चालत नाही. दोन मिनिटांत कागद पापड होतो.

यावर उपाय सापडला तो आईच्या जुन्या सुती लुगड्यात. लुगडं भिजवून, पिळून, चार पदरी करून एका गुळगुळीत टाइलवर पसरते. कागद दोन्ही बाजूंनी चांगला भिजवून त्यावर टाकते. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद असेल तर तो ओल्या कापडाला चिकटून बसतो, फुगत नाही, आणि खालून पाणी मिळत राहतं. एवढ्याने मला वीसेक मिनिटं मिळतात. कागद महाग, 22 बाय 30 इंचांचा एक ताव दोनशे रुपयांच्या पुढे जातो, म्हणून त्याचे चार तुकडे करते. 11 बाय 15चा तुकडा मांडीवर मावतोही.

कुणीतरी सांगितलं म्हणून पाण्यात ग्लिसरीनही टाकून पाहिलं. दोन थेंबांनी रंग उशिरा वाळतो हे खरं. मी घाईत झाकणभर टाकलं. ते चित्र जूनच्या दमट हवेत वाळेचना, त्यावर ठेवलेल्या हजेरीच्या कागदावर अर्धा तलाव छापून आला.

मास्किंग फ्लुइडची गोष्ट तर सांगण्यासारखीच. पाण्यावर सकाळचं ऊन चमकतं त्या जागा पांढऱ्या ठेवायला हे रबरी द्रव लावतात, रंग वाळला की बोटाने घासून काढतात. मी ते लावून बोर्ड उन्हात ठेवला आणि चहा प्यायला गेले. उष्णतेने ते कागदात मुरलं. काढायला गेले तर कागदाची सालं निघाली. आता चमक काढायला मी ते वापरतच नाही. खरबरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झपकन ओढला, की रंग उंचवट्यांना लागतो आणि खळग्यांत पांढरे ठिपके राहतात. चार-पाच फटकाऱ्यांतला एखादा साधतो. पण तो साधला की पाणी हललेलं दिसतं.

पावसाळ्यात सगळं उलटं. रोवणीचे दिवस, बाहेर बसायची सोय नाही, आणि शाळेच्या व्हरांड्यात दिलेला वॉश तासभर वाळत नाही. एकदा वैतागून बोर्ड चुलीवर शेकायला धरला तर आकाशात राख उडाली. मुलीने फोटो पाहून विचारलं, "आई, हे पक्षी का?" मी हो म्हटलं. त्यातच कागदाच्या सायझिंगला, म्हणजे त्याने पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेल्या खळीला, बुरशी लागली. दिसत काही नाही, रंग लावला की मात्र जागोजागी गडद ठिपके उमटतात, देवीचे व्रण असावे तसे. तेव्हापासून कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आत बुटांच्या खोक्यातल्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवते.

घरात अडकले होते त्या दिवसांत एक चित्र पुन्हा नीट पाहिलं. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा धरणारी बाई. दवाखान्यात, फोटो फ्रेमच्या दुकानात त्याची प्रिंट लहानपणापासून पाहत आले. मी ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजत होते, बरेच जण समजतात. ते आहे चित्रकार सा. ल. हळदणकरांचं, 1945-46चं, 'ग्लो ऑफ होप', मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि ते जलरंगातलं आहे! जलरंगात एवढा अंधार होऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं. मोबाइलवर मोठं करून पाहिलं. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून तांबूस उजेड येतो. तेवढी ज्योत आणि बोटं अंगठ्याने झाकली की उरलेल्या चित्रात उजळ असं फार थोडं राहतं. माझ्या चित्रांमध्ये मात्र सगळंच फिकं होतं. जलरंगात चुकलं तर खोडता येत नाही या भीतीने मी गडद लावतच नव्हते. शिवाय ओला रंग वाळल्यावर आणखी फिका पडतो. मग बसून जुन्या चित्रांचे मोबाइलवर काळे-पांढरे फोटो काढले. सगळी राखाडी. एकात तर तलाव कुठे संपतो आणि पाळ कुठे सुरू होते ते माझं मलाही सापडेना.

त्यानंतर एक सवय लावली. रंगाला हात लावण्याआधी वहीत काडेपेटीएवढी चौकट आखून पेन्सिलीने तीनच छटा भरायच्या. कोरा, मधला, काळा. डोळे अर्धे मिटून बघायचं आणि सगळ्यांत काळी जागा कोणती ते आधी ठरवायचं.

डिसेंबरमध्ये त्याचा उपयोग झाला. धान कापून बांध्यांमध्ये पुंजणे, म्हणजे रचलेले ढीग, लागले होते, आणि सलग आठवडाभर सकाळी धुवारी, म्हणजे धुकं, पडली. तलाव, पलीकडची झाडं, डोंगरी सगळं गायब. सूर्य वर आला तरी नुसता पांढरा रुपया. मी हरखून सगळं सामान घेऊन पळाले. पाळीवर एक शेतकरी भाऊ बैलबंडी घेऊन चालले होते, मी उगाच म्हटलं, "काय सुंदर धुवारी आहे ना!" ते म्हणाले, "तुमाले सुंदर दिसते मॅडम. माह्या धुऱ्यावरच्या तुरीचा बहर गेला यानं." यावर काही बोलता येईना. त्या आठवड्यात मग मी धुवारीचं कौतुक मनातल्या मनातच केलं.

धुवारी काढायची तर ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावरच ओल्या रंगाचं, काम करावं लागतं, आणि त्यात सगळा खेळ वेळेचा. ती वेळ मला कुठल्या व्हिडिओने सांगितली नाही, अंगणाने सांगितली. आई अंगण सारवायची. सारवलेलं अंगण आधी चकाकतं, त्यावर पाय पडला तर ठसा उमटतो, रांगोळी टाकली तर विरघळते. मग चकाकी जाते पण ओल राहते, रांगोळी टाकायची ती याच वेळी, तेव्हा ती धरते. पुरतं वाळलं की वाऱ्याने उडून जाते. कागदाचं अगदी तसंच आहे. आरशासारखा चमकत असताना झाड काढलं तर त्याचा ढग होतो. वाळल्यावर काढलं तर कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. मधली ती वेळ डिसेंबरच्या सकाळी जेमतेम दीड-दोन मिनिटांची. वरून बघून ती कळत नाही. डोळा कागदाच्या पातळीला आणून, उजेडाच्या दिशेने तिरपं बघायचं, चकाकी एका कडेने मावळायला लागली की ब्रश उचलायचा.

जे चित्र शेवटी जमलं ते असं झालं. कागद लुगड्यावर. पूर्ण कागदाला रॉ सिएनाचा अगदी पातळ वॉश, सूर्याची जागा गोल कोरी सोडली, तिच्याभोवती क्रिमसन लेकचा वास लागेल इतकाच लाल. खाली पाण्याच्या बाजूला तोच वॉश ओला असतानाच करडा मिसळत गेले. मग हात मांडीवर ठेवून बसले. हे बसणं सगळ्यांत कठीण, हात शिवशिवतात. चकाकी मावळू लागली तशी पलीकडची झाडं एका ओळीत टेकवली, करड्याचीच जरा दाट छटा. इथे एक गोष्ट सांभाळायची, ब्रशातलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवं. जास्त झालं तर ते आधीच्या रंगाला ढकलत जातं आणि वाळल्यावर फुलकोबीचा गड्डा उमटतो. माझ्या पहिल्या चार धुवाऱ्यांमध्ये गड्डेच गड्डे आहेत. म्हणून ब्रश रंगात भरला की आधी फडक्याला टेकवते, मग कागदाला.

त्यानंतर अलीकडचं एक झाड, अर्ध्या मिनिटाने, आणखी दाट. कडा अजून मऊच. मग सगळं पूर्ण वाळू दिलं. शेवटी, कोरड्या कागदावर, शिंगाड्यांच्या वेलांजवळ बांधलेला ढिवरांचा, म्हणजे मासे धरणाऱ्यांचा, डोंगा, लहान नाव. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, जवळजवळ ट्यूबमधून काढल्यासारखे घट्ट, एका फटक्यात. अख्ख्या चित्रात तेवढीच एक धारदार कड. डोंगा काढायच्या आधी तो कागद डाग पडलेल्या चादरीसारखा होता. डोंगा आला आणि मागचं सगळं धुवारी झालं. अकरा कागद गेले त्या आठवड्यात, दोन ठेवले.

काकाजींना दाखवलं. बराच वेळ पाहिलं. "माह्या म्हशी काहून नाही काढल्या?"

"आहेत ना काकाजी, धुवारीत आहेत. दिसत नाहीत."

"हं," म्हणाले. पटलं नाही त्यांना.

मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली. पहाटे बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळलेला असतो. त्यातून जंगलाला आगी लागतात म्हणून जाळू नका असं दरवर्षी सांगतात, दरवर्षी जाळतात. मला त्या धुराने चार दिवस छळलं. मी धूर पांढरट करडा काढत होते आणि तो कागदावर मळल्यासारखा दिसे. मग एका सकाळी नीट पाहिलं. एकाच आगीचा एकच धूर खाली काळ्या खोडांसमोर चक्क निळा होता, आणि वर शेंड्यांच्या पुढे उजळ आकाशासमोर गेला की तपकिरी पिवळा. धुराचे बारीक कण निळा उजेड बाजूला फेकतात. मागे अंधार असला की तो फेकलेला निळाच डोळ्यांत येतो, मागे उजेड असला की निळा वजा होऊन उरलेला. एप्रिलमध्ये जी निळाई डोंगरीवर खोटी ठरली होती ती इथे पायाशी होती! खोडांचा गडद रंग ओलसर असतानाच स्वच्छ ओल्या ब्रशने धुराची वाट पुसून काढली, वाळल्यावर तिच्यावर अल्ट्रामरीनचा पाण्यासारखा हात फिरवला. वरच्या भागात तेच रॉ सिएना आणि कणभर बर्न्ट सिएना. मधे जिथे निळा संपून पिवळा सुरू होतो तिथे काहीच केलं नाही. ते चित्र मुलीने नागपूरला खोलीवर लावलंय.

दुपार मात्र अजून जमलेली नाही. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांच्या, सुरुवातीलाच आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, बारा वाजून सात-आठ मिनिटांनी उभ्या काठीची सावली काठीखालीच गोळा होते. सावली नाही म्हटल्यावर उजेड कशाने दाखवायचा? हापशीला आकार राहत नाही, भिंत आणि अंगण एक होतं. पहिल्या दोन प्रयत्नांत मी भ्यायले आणि खोटी सावली टाकली, साडेनऊची. ती ओळखू आली. तिसऱ्या वेळी घराची छपरी, म्हणजे पुढची कौलारू ओसरी, घेतली, कवेलूंच्या कडेपासून आतला सगळा अंधार एका दमात भरला, दाराच्या चौकटीत तो आणखी दाट केला, आणि जमिनीलगत अंगणातलं ऊन उसळून वर येतं तिथे ओल्यातच बर्न्ट सिएनाची ऊब सोडली. अंगण कोरं ठेवलं. बोटभर रंगही नाही.

काकाजी पाणी प्यायला आले होते, त्यांना दाखवलं. दुपट्ट्याने तोंड पुसत पाहिलं त्यांनी.

"छपरीत गार वाटते," म्हणाले. "पण आंगण तपलं नाही अजून."

अंगण कोरा कागद आहे. त्याहून पांढरं माझ्याकडे काही नाही. बहुतेक त्याला थोडा पिवळा लावून पाहावा लागेल, नाहीतर छपरी आणखी काळी करावी लागेल. कागदाचे तीन तुकडे शिल्लक आहेत, नवतपा 25 मेपासून.